मला लाभलेली मैत्रीण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाह भगिनींनी ‘मला घडविणारी व्यक्ती’ या विषयावर मला बोलायला सांगितले, तेव्हा मी आईविषयी नाहीतर एखाद्या गुरुजींविषयी बोलेन अशी त्यांची समजूत असावी. आईचे ऋण कोण नाकारील? पण आई आपल्याला न मागता मिळते. मी आज बोलणार आहे ती व्यक्ती माझ्या नात्याची नव्हती, जातीची नव्हती, धर्माची नव्हती. वयानेही माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी होती. ती आधी माझी मार्गदर्शक झाली आणि पुढे पुष्कळ वर्षांनी माझी मैत्रीण झाली. या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडले, एवढेच मला सांगायचे आहे. तिचे नाव मी घेणार नाही. स्वतःचे नाव कुठे छापून आलेले तिला कधी रुचले नाही, आणि आजचे भाषण स्मरणिकेत छापले जाणार आहे हे मला ठाऊक आहे. आम्ही मुली तिला नुसते ‘बाई’ म्हणत असू. मीही तसेच म्हणते.

माझे माहेर नगरचे. तेव्हाचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. आमचे घर माळीवाड्यात. नगर हे ख्रिस्ती मंडळींच्या कामाचे फार जुने ठिकाण. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ साली ठाणे दिले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ साली नगरलाच निघाले. मिस सिंथिया फरार या बाईंनी तिथे मुलींच्या शाळा चालविल्या. आपल्या सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते या फरारबाईंकडे, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. आज इथे बसलेल्या आपणा सर्वजणींच्या शिक्षणाचा एक धागा असा नगरच्या त्या आवारांपर्यंत जाऊन पोहोचतो. मला लहानपणी यातले काही माहीत नव्हते. मिशनच्या आवारात चिंचेची मोठाली झाडे आहेत आणि तिथे जायचे नसते, एवढेच माहीत होते.

१९७१ साली मी अकरावी मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गातली एक ख्रिस्ती मुलगी दर शनिवारी संध्याकाळी आवारातल्या तरुण मुलामुलींच्या बैठकीला जाई. एकदा तिने मला बरोबर नेले. बाई त्या बैठका चालवीत. बत्तीस वर्षांच्या, अविवाहित, पांढऱ्या सुती पातळातल्या, आवाज थोडा घोगरा. मला वाटले होते की आता देवाधर्माचे काही ऐकावे लागणार. पाहते तो मुले व्हॉलीबॉलची जाळी बांधीत होती! हा खेळही मुळी ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतच जन्मला. १८९५ साली अमेरिकेतल्या वाय. एम. सी. ए.च्या विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने तो बसविला. खेळ झाला की वाचन, मग कुठल्या तरी प्रश्नावर चर्चा, आणि शेवटी पाच मिनिटे प्रार्थना. प्रार्थनेपूर्वी बाई दर वेळी न चुकता म्हणत, “ज्यांना घरी जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, ज्यांना बसायचे आहे त्यांनी बसावे.” जो जाई त्याच्याकडे त्या वळूनही पाहत नसत. मी कधी जाई, कधी बसे.

बैठकीत बाई स्वतः फार कमी बोलत. मुलीला काही विचारले आणि तिने “तुम्हीच सांगा ना बाई” म्हटले की म्हणत, “माझे मत मला माहीत आहे. मला तुझे ऐकायचे आहे.” भगिनींनो, १९७१ साली माळीवाड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला ‘तुझे मत काय’ असे कुणी विचारीत नव्हते. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढेच विचारीत.

ही गोष्ट वडिलांच्या कानावर गेल्यावाचून राहणार नव्हती. गल्लीतल्या कुणीतरी सांगितले, “मुलगी मिशनात जाते, एक दिवस बाटून येईल.” वडील रागीट नव्हते, पण भित्रे होते, आणि भित्र्या माणसाचा हुकूम रागीट माणसाच्या हुकमाहून कडक असतो. माझे जाणे बंद झाले. दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी बाई आमच्या घरी आल्या. आईने आत या म्हटले, तरी त्या ओट्यावरच बसल्या. वडिलांना म्हणाल्या, “दादा, मुलगी तुमची आहे. तिचे नाव, तिचा देव, तिचे घर यांतले काही मला नको आहे. तिला चांगले बोलता येते. ते वाया जाऊ नये, एवढ्यासाठी आले.”

वडील म्हणाले, “पुढे तिलाच वाटले तर?”

बाईंनी ताबडतोब उत्तर दिले नाही. मग म्हणाल्या, “तर मी सर्वांत आधी तुम्हांला सांगेन. ती मोठी झालेली असेल तर तिला आधी थांब म्हणेन.”

हे वाक्य लक्षात ठेवा. दहा वर्षांनी ते खरे करून दाखवायची वेळ त्यांच्यावर आली.

वडिलांनी तेव्हा नुसती मान हलविली. त्यांचे मन खरोखर पालटले ते पुढच्या वर्षी. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. विहिरी तळाला गेल्या, गुरे बाजारात मातीमोलाने गेली, आणि चांगली खातीपिती कुणब्यांची माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळे. तिची भाकरी गिळताना घशाला खरवडे. कामावरच्या लोकांना सुकडी वाटली जाई. नगर जिल्हा त्या वर्षी अक्षरशः उन्हात उभा होता.

गावाबाहेर एका रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडीत आणि त्यांची तान्ही मुले शेजारी धुळीत लोळत. दगडाची कपची उडून एका लेकराच्या कपाळाला लागली. ते कळताच बाईंनी शनिवारची चर्चा बंद केली आणि आम्हां सगळ्यांना तिथे नेले. मुलांनी बांबू रोवले, आम्ही पोती शिवून वर छप्पर घातले, जुन्या पातळांच्या झोळ्या बांधल्या. दर दिवशी पाळीने दोन मुली आणि एक मुलगा तिथे बसत. लेकरांना पाणी पाजायचे, सुकडी भिजवून भरवायची, आईला दूध पाजायला यायची वेळ झाली की हाक मारायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे जवळजवळ रोज होते. एका दुपारी वडील मला पाहायला आले. बाई तेव्हा मांडीवर एक लेकरू घेऊन त्याच्या डोळ्यांतली धूळ ओल्या फडक्याने पुशीत होत्या. वडील थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि पाण्याच्या घागरी वाहायला लागले. त्या दिवसानंतर ‘बाटण्याचा’ शब्द आमच्या घरात निघाला नाही.

दुष्काळ सरल्यावर शनिवारच्या बैठकी पुन्हा सुरू झाल्या, आणि त्या वर्षी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचली. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने निघाले. आपल्यापैकी पुष्कळजणींनी ते वाचले असेल. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आपल्या मंडळाच्या कपाटातून आजच न्यावे. नगरच्या मुलींना ते वाचताना एक वेगळाच आनंद होतो, कारण त्या घराचा मोठा काळ नगरला गेलेला आहे.

लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे काही वर्षांनी त्या मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या, तरी आपले खाणेपिणे, आपले सोवळे त्यांनी वेगळे ठेवले. टिळक थांबले. १९०० साली लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली. वाचन इथवर आले तेव्हा बाईंनी पुस्तक मिटून आम्हांला विचारले, “या पाच वर्षांत टिळकांनी सर्वांत अवघड काम कोणते केले?” कुणी म्हणाले, गाव सोडले, कुणी म्हणाले, नातलगांचे बोल सोसले. बाई म्हणाल्या, “मला वाटते, त्यांनी वाट पाहिली.” आपले मत त्यांनी आपण होऊन सांगितलेले मला तेवढे एकदाच आठवते.

त्याच पुस्तकात ठोंबऱ्यांची हकीकत आहे. हे ठोंबरे म्हणजे आपले बालकवी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे उभा राहिला, आणि त्याची कविता ऐकून ‘बालकवी’ हे नाव त्याला मिळाले. टिळक त्या संमेलनात होते. ते स्वतः मोठे नावाजलेले कवी, वय पंचेचाळिशीचे. या मुलाला त्यांनी जवळ केले. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला, घरचाच झाला. ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ लिहिणारा हा कवी एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात वावरला आणि हिंदूच राहिला. त्याला आपल्या पंथात ओढावे असे टिळकांच्या घराने केले नाही. टिळक तर स्वतः म्हणत की तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. त्यांना वाटेचा मान होता. १९१७ साली साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले; वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ठोंबऱ्यांचा शेवट आला तेव्हा आमच्यातली एक मुलगी रडू लागली. बाईंनी तिला गप्प केले नाही. आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो.

मी हे लांबवून सांगते आहे, कारण त्या वाचनात आम्हांला मैत्रीची एक रीत दिसली. आपल्याकडे मैत्री म्हणजे सारख्यांची, अशी समजूत आहे. एकाच वयाच्या, एकाच वाड्यातल्या, एकाच पंक्तीतल्या. टिळक आणि ठोंबरे यांच्यात जवळजवळ तीस वर्षांचे अंतर होते, धर्म निराळा होता, आणि तरीही तो मुलगा त्या घरात पाहुणा नव्हता. असे होऊ शकते, हे आम्हांला तेव्हा नुसते वाचून कळले. अंगावर यायला आणखी काही वर्षे जायची होती.

अहमदनगर कॉलेजातून मी बी. ए. झाले. हे कॉलेजही १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञांनी काढलेले. १९७६ साली लग्न होऊन पुण्यास आले. बाई लग्नाला आल्या होत्या. आहेर म्हणून त्यांनी ‘स्मृतिचित्रे’च दिली. पाच वर्षांत दोन मुले झाली. आणि १९८१ साली माझे यजमान तीन दिवसांच्या आजाराने गेले. मुलगी तीन वर्षांची, मुलगा एक वर्षाचा.

त्या काळात विधवा बाईला घरात काय काय सोसावे लागे, ते इथे सांगायला नको. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी मला आतल्या खोलीत बसायला सांगत, आणि सकाळी कुणी कामाला बाहेर पडायचे असले की मी समोर येऊ नये म्हणून आधी हाक मारून ठेवीत. सहा महिन्यांनी मी मुलांना घेऊन माहेरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी बाईंकडे गेले. त्यांच्या आवारात माझ्या कपाळाकडे कुणी पाहिले नाही. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. मी बाईंना म्हणाले, “बाई, मला तुमच्यातली करून घ्या.”

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारले, “तू तिकडून पळते आहेस, की इकडे येते आहेस?”

मला उत्तर देता आले नाही.

त्या म्हणाल्या, “पळणाऱ्या माणसाला दार उघडावे, जेवायला घालावे, निजायला जागा द्यावी. त्याचे नाव बदलू नये. तू आज दमलेली आहेस. दोन वर्षांनी मला हेच सांगायला ये. मी तुझ्याबरोबर पाळकांकडे चालत येईन. आज मात्र मी तुझ्यासाठी बी. एड.चा फॉर्म आणणार आहे.”

मला तेव्हा त्यांचा राग आला. वाटले, यांनीही दार लावले. पण फॉर्म खरोखर आला. एका वर्षात मी बी. एड. झाले, मुलींच्या शाळेत नोकरी लागली, दोन खोल्या भाड्याने घेऊन मी मुलांना घेऊन वेगळी राहिले. दोन वर्षे झाली तेव्हा मला कळले की मी पळणे थांबविले होते, आणि माझा विठोबा माझ्याजवळच होता. मी बाईंना तसे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले: “तुझे पत्र वाचून आनंद झाला. मुलांचे दात आले का?” एवढेच. पुष्कळ वर्षांनी मला दुसऱ्यांकडून कळले की त्या वेळी त्यांच्याच काही लोकांनी त्यांना फार बोल लावला होता. हाताशी आलेले माणूस परत पाठविलेत, हे तुमचे कसले काम, असे त्यांना तोंडावर विचारले होते. त्याची झळ त्यांनी मला कधी लागू दिली नाही. माझ्या वडिलांना ओट्यावर दिलेला शब्द त्यांनी आपल्या माणसांचा रोष पत्करून पाळला.

इथपर्यंत बाई माझ्या मार्गदर्शक होत्या. मैत्रीण झाली नव्हती. कारण सतरा वर्षे त्या देत होत्या आणि मी घेत होते. ज्याचे आपण नुसते घेतो त्याच्याविषयी आदर वाटतो, कृतज्ञता वाटते. मैत्री वाटायला ते माणूस आपल्या पातळीवर यावे लागते.

१९८८ साली पावसाळ्यात बाईंचे एक पोस्टकार्ड आले. “तुझ्याकडे आठ दिवस राहायला येऊ का? अडचण असेल तर तसे लिही.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याजवळ मागितलेली ही पहिली गोष्ट. ज्या संस्थेत त्यांनी वीस वर्षे काम केले, तिने कारभार बदलताना एका महिन्याच्या मुदतीत त्यांचे काम आणि राहती खोली दोन्ही काढून घेतली होती. वय एकोणपन्नास. आईवडील नाहीत, भाऊ दूर. एक लोखंडी पेटी, एक शिवणयंत्र आणि पुस्तकांची दोन खोकी, एवढा संसार घेऊन त्या एस्टीने आल्या.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. मुले त्यांना मावशी म्हणू लागली. संध्याकाळी मुले शुभंकरोति म्हणत तेव्हा त्या हात जोडून बसत; जेवणापूर्वी त्या डोळे मिटत तेव्हा मुले थांबत. कुणी कुणाला काही शिकविले नाही, पण माझा मुलगा आजही पहिला घास घेण्यापूर्वी क्षणभर थांबतो. दिवसा मी शाळेत असे तेव्हा त्या स्वयंपाक करून ठेवीत. रात्री मुले निजली की आम्ही मटार सोलत, नाहीतर मेथी निवडीत बसत असू. एका रात्री निवडता निवडता त्या रडल्या. बाईंना रडताना मी प्रथमच पाहिले. म्हणाल्या, दूरच्या एका प्रांतातल्या नातलगांनी बोलाविले आहे, तिथे एक वसतिगृह सांभाळायचे आहे. उद्याच होकार पाठविते, नगरचे तोंड पुन्हा पाहायचे नाही.

माझ्या तोंडून शब्द निघून गेले: “बाई, तुम्ही इथून पळता आहात, की तिकडे जाता आहात?”

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिले. मग पदराने डोळे पुसले आणि पोटभर हसल्या. इतक्या हसल्या की मुलगी उठून बसली. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, “आता मला बाई म्हणू नकोस. बाईंना असे विचारतात का? अगं म्हण.”

भगिनींनो, तेहतिसाव्या वर्षी सोळा वर्षांनी मोठ्या बाईला ‘अगं’ म्हणणे किती कठीण असते, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. जीभ वळेना. पुढचे आठ दिवस मी तिला हाकच मारली नाही. जवळ जाऊन बोलत असे. शेवटी दूध उतू जाऊ लागले तेव्हा घाईत ओरडले, “अगं, गॅस बंद कर!” तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “जमले की!”

दूरच्या त्या नोकरीला तिने नकार कळविला. नगरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या, शिवणाचे वर्ग काढले, आणि शनिवारची बैठक आपल्या ओट्यावर पुन्हा सुरू केली. पुढची तीस वर्षे आमच्यात पुणे आणि नगर एवढेच अंतर राहिले. नाताळला तिच्या करंज्या माझ्याकडे येत, दिवाळीला माझ्या तिच्याकडे जात. दोन्ही करंज्यांचे सारण एकच, खोबऱ्याचे, आणि कुणाचे चांगले यावरून दरवर्षी भांडण.

१९९६ साली तिला काचबिंदू असल्याचे कळले. फार उशिरा कळले. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते, ती ध्यानात ठेवावी. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली परत मिळत नाही. तो बहुधा दुखत नाही, कडेकडेने नजर खातो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. वेळीच कळला तर औषधाने उरलेली नजर राखता येते. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर तपासताना डोळ्यांचा दाब आणि डोळ्याच्या मागची शीरही तपासून घ्यावी, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर अधिकच जपावे. माझ्या मैत्रिणीने दुसऱ्यांच्या लेकरांचे डोळे पुसले. आपले तपासायला तिला सवड झाली नाही.

तिची नजर हळूहळू गेली. मग मी महिन्यातून एकदा एस्टीने जाई आणि दोन दिवस तिला वाचून दाखवी. ती बायबलातली स्तोत्रे मागे. मी तुकोबांचा गाथा नेई. आधी तिचे वाचायचे, मग माझे. कधी एखाद्या ओळीवर ती म्हणे, “थांब, हे कुणाचे? तुझे की माझे?” आणि आम्ही दोघी हसत असू. ‘स्मृतिचित्रे’ आम्ही आणखी दोनदा वाचली.

२०१९ साली ती गेली. ऐंशी वर्षांची होऊन गेली. शेवटच्या महिन्यात मी तिच्याजवळ होते. तिला उचलणे, न्हाऊ घालणे, भरविणे हे मी करीत असे, आणि तिला त्याचा संकोच वाटत नव्हता. मला वाटते, मैत्रीची खरी खूण हीच. आपले दुबळेपण ज्याच्यासमोर झाकावे लागत नाही, तो मित्र. ख्रिस्ती दफनभूमीत तिला ठेवले तेव्हा खडीच्या कामावरच्या त्या झोळ्यांपाशी पाळी केलेले आमचे चार-पाच जण आले होते, सगळे साठीच्या पुढचे. पाळकांनी प्रार्थना केली. मी मनात रामकृष्णहरी म्हटले. तिने यातल्या कशालाही हरकत घेतली नसती.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द बोलून थांबते. आपण वडीलधाऱ्या बायका तरुण मुलींना पुष्कळ काही देत असतो. बक्षिसे देतो, उपदेश तर मुबलक देतो. त्या मुली नमस्कार करतात आणि निघून जातात. आपल्याला वाटते, आजकालच्या मुलींना माया नाही. मी माझ्या अनुभवाने सांगते की मुलगी आपल्याजवळ राहावी असे वाटत असेल तर तिला आपली री ओढायला लावू नये. तिचे मत विचारावे, आणि तिचे उत्तर पटले नाही तरी थांबावे. आणि दुसरे, त्याहून कठीण असे, की कधीतरी तिच्याजवळ काही मागावे. आपली अडचण तिला सांगावी. “तुझ्याकडे आठ दिवस राहू का?” असे एखादे पोस्टकार्ड आपल्याला लिहिता आले पाहिजे. देणाऱ्याला मान मिळतो. मागणाऱ्याला मैत्रीण मिळते.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली काही वर्षे सगळ्याजणी सारख्या येतात, कुणाला आतल्या खोलीत बसावे लागत नाही, याचा मला किती आनंद वाटतो ते आता तुम्हांला कळले असेल. त्यात आणखी एक पाऊल पुढे टाकू या. येत्या वर्षी आपल्या गल्लीतल्या ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध, कुठल्याही घरातली एकेक मुलगी प्रत्येकीने आपली म्हणून जवळ करावी. तिला काही बनवू नये. तिची वाट पाहावी.